टोपीचे क्रियापद, केसांचा धंदा

केस विंचरून त्यांची रचना करण्याला फ्रेंच भाषेत 'क्वाफे' म्हणतात आणि हे काम करणाऱ्याला 'क्वाफर'. गंमत अशी, की या क्रियापदात मुळात केस कोठेच नाहीत. 'क्वाफ' म्हणजे डोक्याला घट्ट बसणारी टोपी. हा शब्द उत्तरकालीन लॅटिनमधील 'कोफिया'पासून आला, आणि लॅटिनने तो बहुधा जर्मानिक टोळ्यांच्या बोलीतून उचलला. तेव्हा 'क्वाफे' म्हणजे प्रथमतः टोपी घालणे. अर्थात मराठीतल्या फसवणुकीच्या अर्थाने नव्हे! जुना अर्थ वाक्प्रचारांत टिकून आहे. पंचविशी गाठूनही अविवाहित राहिलेली तरुणी २५ नोव्हेंबरला 'संत कॅथरिनला टोपी चढवते', आणि भाग्यवान माणूस 'टोपीसह जन्मलेला' असतो.

टोपी बसवायची तर खालचे केस लावणे आलेच. पुढे टोपी गौण ठरली, केस प्रधान झाले आणि क्रियापद टोपीवरून केसांवर घसरले. भाषेचा अभ्यासक येथे थांबला तरी चालेल. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र खरा प्रश्न येथूनच दिसू लागतो. नवा अर्थ म्हणजे नवा व्यवसाय. मग त्याची मजुरी घेण्याचा हक्क कोणाचा?

पॅरिसमध्ये १६७३ च्या राजाज्ञेने न्हावी व टोप, म्हणजे कृत्रिम केस, बनवणाऱ्यांचा संघ स्थापन झाला होता. अठराव्या शतकात स्त्रियांच्या केशरचनेला बहर आला, तेव्हा या संघाने स्वतंत्र केशरचनाकारांना आपले सभासदत्व घेण्यास भाग पाडू पाहिले. १७६८-६९ च्या सुमारास प्रकरण न्यायालयात गेले. केशरचनाकारांच्या वकिलाचा युक्तिवाद मोठा मासलेवाईक होता: टोप बनवणे ही कारागिरी, तर स्त्रियांची केशरचना ही स्वतंत्र ललित कला, तिला संघाचे बंधन कसले? सौंदर्यशास्त्राचा हा सारा आव प्रवेशशुल्क व मक्तेदारी टाळण्यासाठी होता, हे उघड आहे. पण म्हणून तो खोटा ठरत नाही.

१७७६ मध्ये तुर्गोने असे संघ रद्द केले. त्याच वर्षी तो पदच्युत झाला आणि संघ परतले. मात्र ऑगस्टच्या नव्या आज्ञेत स्त्री-केशरचनाकारांचा व्यवसाय मुक्त ठेवण्यात आला. पुरुषांच्या वाट्याला ही सवलत आली नाही. १७७७ मध्ये त्यांपैकी सहाशे जणांना जुन्या संघातच सामावून घेण्यात आले. ज्यांच्याविरुद्ध ते कोर्टात भांडले, त्यांच्याच पंक्तीला बसण्याची पाळी आली! अखेर १७९१ च्या आलार्द कायद्याने सारेच संघ मोडले, आणि कर भरून परवाना घेणाऱ्या कोणालाही हा धंदा खुला झाला.