टोचन लावलं म्हणजे झालं?

गणपतीच्या तोंडावर मुंबई-गोवा महामार्गावर बंद पडलेल्या गाड्यांना तोटा नसतो. मेकॅनिक सापडत नाही, क्रेनवाला अव्वाच्या सव्वा मागतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, "आपल्याकडे टोचनचा दांडा आहे की, लावा आणि चला." दोराने ओढण्यापेक्षा दांडा बरा, यात वाद नाही. दोर सैल पडतो, पुन्हा ताणला जातो, प्रत्येक वेळी दोन्ही गाड्यांना हिसका बसतो, आणि पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागची गाडी सरळ त्याच्या डिकीत घुसते. दांड्याने हे टळतं. पण दांडा आला की सोबत एक खोटा निर्धास्तपणा येतो. ओढणं हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड आहे ते थांबवणं आणि वळवणं, आणि तिथे दांड्याची मदत अर्धीच. बहुतेक गैरसमज हा फरक न कळल्यामुळेच होतात.

पहिला गैरसमज असा, की दांडा गाडीला धरून ठेवतो, म्हणून मागच्या गाडीत बसणाऱ्याने नुसतं स्टिअरिंग धरायचं, ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. जरा आकडेमोड करू. मागची गाडी १२०० किलोची धरा. पुढे म्हैस आडवी आली आणि पुढच्याने बऱ्यापैकी जोरात, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या दराने वेग कमी होईल इतका, ब्रेक दाबला. मागच्याने काहीच केलं नाही तर ती गाडी दांड्यातून सुमारे ६०० किलो वजनाइतका रेटा पुढच्या गाडीच्या पाठीत देते. शिवाय हा रेटा मधोमध बसत नाही. टोचनचा हुक बहुतेक गाड्यांत बंपरच्या एका बाजूला असतो, त्यामुळे धक्का तिरका लागतो. ब्रेक लावताना पुढच्या गाडीचं वजन तिच्या पुढच्या चाकांवर जातं आणि मागची चाकं हलकी होतात. हलक्या झालेल्या चाकांना तिरका रेटा मिळाला, तोही वळणावर आणि ओल्या रस्त्यावर, की पुढच्या गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते आणि दोन्ही गाड्या चाकूच्या पात्यासारख्या मिटतात. मागच्याने ब्रेक लावायलाच हवा, फक्त पुढच्याच्या आधी नाही. पुढचे ब्रेक लाइट लागलेले दिसले की हळू दाबायला लागायचं. पुढच्यानेही नेहमीच्या दुप्पट अंतरावरून वेग कमी करायला सुरुवात करायची.

"मागे बसणारा ब्रेक लावेलच ना?" लावेल, पण ते वाटतं तितकं सोपं नाही. गाडीच्या ब्रेकला एरवी इंजिनकडून निर्वात दाबाची मदत मिळते. इंजिन बंद असेल तर बूस्टरमध्ये उरलेल्या निर्वातावर दोन-तीनदा पेडल नीट दबतं, मग ते दगडासारखं घट्ट होतं. ब्रेक निकामी झालेला नसतो, पण तेवढंच थांबायला आता कितीतरी पट जोर लागतो. पॉवर स्टिअरिंगचंही तसंच. मागच्या गाडीत घरातल्या सगळ्यात नवख्या माणसाला बसवायची आपल्याकडे पद्धत आहे, कारण "तुला काय, नुसतं बसायचंय". माझ्या मते चांगल्या चालकाने मागे बसावं. दांडा साधारण दीड-दोन मीटरचा असतो, मागच्याला समोर फक्त एक डिकी दिसते, खड्डा दिसेपर्यंत चाक त्यात गेलेलं असतं, आणि हे सगळं जड स्टिअरिंग फिरवत सांभाळायचं असतं. बिघाड क्लच प्लेटचा असेल, इंजिन निर्धोक चालू राहत असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू ठेवणं शहाणपणाचं. ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही हलकी राहतात. आणि बिघाड ब्रेकमध्येच असेल तर दांडा डिकीतच राहू द्या.

मागे कोणी बसलंच नाही तरी चालतं, हेही ऐकू येतं. त्याला थोडा आधार आहे. अमेरिकेत मोठ्या मोटरहोमच्या मागे छोटी गाडी रिकामी ओढत नेतात. पण तिथला दांडा त्रिकोणी असतो, गाडीच्या सांगाड्याला दोन ठिकाणी पक्का बसवलेला, आणि त्यासाठी वेगळे ब्रॅकेट आधीच लावून घ्यावे लागतात. दोन टोकांनी धरल्यामुळे मागच्या गाडीची चाकं आपोआप वळत जातात. आपल्याकडे मिळतो तो सरळ दांडा, एका हुकाला एक टोक. तो गाडीला ओढतो, वळवत नाही.

कायद्यानेही हे धरलेलं होतं. १९८९च्या रस्ता नियमावलीत, ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक हवा, नाहीतर तिची वळणारी चाकं क्रेनने रस्त्यापासून उचललेली हवीत, अशी अट होती. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नको, आणि मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत, अक्षरं किमान ७५ मिलिमीटर उंच, 'ऑन टो' असं लिहिलेलं हवं. त्याच नियमात आणखी एक गोष्ट होती, जी घरी निघालेल्यांना आवडणार नाही: बिघडलेली गाडी ओढून न्यायची ती जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत. महाडला बंद पडलेली गाडी डोंबिवलीच्या सोसायटीत आणणं त्यात बसत नव्हतं. २०१७ मध्ये या नियमावलीची जागा नव्या वाहनचालन नियमावलीने घेतली, पण जुन्या आकड्यांमागचं गणित काही बदललेलं नाही. ताशी २४ किलोमीटरने गाडी सेकंदाला पावणेसात मीटर जाते. म्हणजे दोराचे ते ५ मीटर पाऊण सेकंदात संपतात, माणसाचा पाय ब्रेकवर पोचायच्या आत.

"दांडा आहे, मग साठने न्यायला काय हरकत?" हरकत अशी की वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. दांडा कितीही मजबूत असला तरी ती ऊर्जा शेवटी ब्रेकनेच खायची आहे, आणि एका गाडीचे ब्रेक तर अर्धे झोपलेले आहेत.

आता घाट. चढावर लोक घाबरतात, कारण पुढची गाडी कण्हते, क्लचचा वास येतो. उतारावर मात्र इंजिन मोकळं वाटतं आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. नेमकं उलटं हवं. शंभर मीटरला सहा मीटर उतार असेल तर तीच १२०० किलोची गाडी, चाकांचं घर्षण वजा जाता, पुढच्या गाडीला साठेक किलो वजनाइतक्या जोराने सतत ढकलत राहते. कशेडी किंवा ताम्हिणी उतरताना हे मिनिटभर नाही, कित्येक किलोमीटर चालतं. पुढच्याने गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, मागच्याने दांडा ताणलेला राहील इतपत हलका ब्रेक द्यायचा, हे तंत्र बरोबर आहे. पण लांब उतारावर सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि मग पकडत नाही. म्हणून घाट उतरायचा असेल तर दांड्याचा विचार सोडून चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड बोलवावा, भले दोन तास थांबावं लागलं तरी. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

पुढची गाडी हलकी असली तरी ओढते, हेही खरंच आहे. वॅगन-आर इनोव्हा क्रिस्टाला सपाट रस्त्यावर ओढून दाखवेल. पण वॅगन-आर साडेआठशे किलोच्या आत-बाहेर आणि क्रिस्टा पावणेदोन टनांच्या आसपास. ब्रेक लागला की कोण कुणाला नेतंय ते कळतं. पुढची गाडी निदान मागचीइतकी जड हवी.

हुक कुठे अडकवायचा, यावर फार बोलायला नको, पण चुका इथेच जास्त होतात. बंपर, सस्पेन्शनचा आर्म, अॅक्सल, यातलं काहीही चालत नाही. खाली दिसणारी छोटी लोखंडी कडी बहुतेकदा गाडी ट्रेलरवर बांधून आणताना वापरायची असते, ओढायला नाही. खरा हुक जॅक आणि पान्ह्याच्या शेजारी डिकीत असतो. बंपरवरचं छोटं झाकण काढून तो आट्यांमध्ये पूर्ण, शेवटपर्यंत फिरवायचा. फोक्सवॅगनसारख्या काही युरोपीय गाड्यांत हे आटे उलटे असतात, तेव्हा जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून बघा. हुक सरळ ओढीसाठी बनलेला असतो, त्यामुळे काटकोनात वळून अरुंद गल्लीत शिरायचा प्रयत्न केला तर तो वाकतो. दांड्यावर किती किलोपर्यंत चालेल ते छापलेलं असतं. गल्लीतल्या वेल्डरने पाइपला कड्या डकवून दिलेल्या दांड्यावर ते नसतं, आणि वेल्डिंग किती खोल गेलंय ते वरून दिसत नाही.

चावी. गाडी ओढायची आहे, इंजिन बंद आहे, मग चावी खिशात, असं करणारे आहेत. चावी काढली की स्टिअरिंग लॉक होतं, आणि पहिल्याच वळणावर मागची गाडी सरळ जाऊ पाहते. चावी 'ऑन'वर ठेवायची. बॅटरी पूर्ण मेलेल्या बटण-स्टार्ट गाडीत इलेक्ट्रॉनिक लॉक उघडतच नाही, तिथे विषय संपला. धोक्याचे दिवे, ब्रेक लाइट आणि हॉर्नही त्याच बॅटरीवर. मागची गाडी मुकी असेल तर निघण्याआधी दोघांनी हातवाऱ्याच्या खुणा ठरवून घ्याव्यात, कारण घाटात फोनला रेंज असेलच असं नाही.

न्यूट्रलमध्ये टाकली की कुठलीही गाडी ओढता येते, हा समज मॅन्युअल गिअरच्या जमान्यातला, आणि तेव्हा तो बऱ्यापैकी खरा होता. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, चाकं फिरतात, आतले भाग कोरडे घासतात. म्हणून काही कंपन्या ठरावीक वेग आणि अंतरापर्यंतच परवानगी देतात, काही अजिबात देत नाहीत. सीव्हीटीलाही हेच लागू. एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, त्यामुळे ती न्यूट्रलला असेल तर बहुधा चालते, पण गिअरमध्ये अडकून बंद पडली तर क्लच जोडलेलाच राहतो आणि गाडी हलत नाही. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांना दोन चाकं उचलून दोन जमिनीवर ठेवणंही मारक ठरू शकतं. आणि इलेक्ट्रिक गाडी? तिची मोटर चाकांना कायम जोडलेली असते. चाकं फिरली की मोटर जनित्र होते, वीज तयार करते, आणि ती वीज जायला जागा नसेल तर इन्व्हर्टर आणि वायरिंग तापतं. तिला फ्लॅटबेडच. गाडीबरोबर आलेली पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून काढायचा हा एक चांगला प्रसंग.

ट्रकवाले दांडा आपल्याआधीपासून वापरतात, मग त्यांचं पाहून शिकावं का? त्यांचं प्रकरण वेगळं आहे. हवेच्या ब्रेकच्या ट्रकमध्ये हवा संपली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात, चाकं जाम होतात. ओढण्यासाठी ते स्प्रिंग बोल्टने आवळून सोडवावे लागतात, आणि मग त्या ट्रकला ब्रेक असा उरतच नाही. अनुभवी माणूस तो ट्रक दुप्पट ताकदीच्या गाडीमागे पायाने चालल्यासारखा नेतो. आपल्याला दिसतो फक्त दांडा.

"विमा आहे ना" हा शेवटचा दिलासा. खासगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीच्या मानक मसुद्यात जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेण्याच्या खर्चाची तरतूद आहे, पण ती अपघातानंतरची, आणि मर्यादा १५०० रुपयांची. नुसती बंद पडलेली गाडी त्यात येत नाही, त्यासाठी रोडसाइड असिस्टन्स वेगळं घ्यावं लागतं. पाचशे रुपये घेऊन टोचन लावून देणाऱ्या टेम्पोवाल्याचंही बघा. व्यापारी वाहनांच्या मानक पॉलिसीत बिघडलेली एक गाडी ओढायला मुभा आहे, पण मोबदला घेऊन ओढली तर नाही, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीचं नुकसान तर कुठल्याच परिस्थितीत भरून मिळत नाही.

आणि गॅरेजच्या दारात पोचल्यावर घाईने दांड्याची पिन उपटू नका. उतारावर दांड्यावर वजन असेल तर पिन अडकते, आणि हातोडीने सुटली की मागची गाडी मोकळी होते, तेव्हा पिन काढणारा बहुधा दोन गाड्यांच्या मध्ये उभा असतो. आधी हँडब्रेक, मग चाकांना दगड, मग पिन. बॅटरी मेलेल्या गाडीत हँडब्रेक बटणाचा असेल तर तो लागणारच नाही, म्हणून दगड आधी.