फेरफार झाला म्हणजे मालकी मिळाली काय?

जामनेरच्या बाजारपेठेत दुकान असलेल्या, किंवा पहूर, नेरी, फत्तेपूरकडे थोडीफार शेती राखून असलेल्या आमच्या बांधवांच्या तोंडी 'फेरफार' हा शब्द नेहमी असतो. "फेरफार झाला, आता जागा आपली," असे समाधानाने सांगितले जाते. हे समाधान अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातून भावाबहिणींत दावे उभे राहतात. म्हणून या शब्दाचा नेमका अर्थ पाहू.

फेरफार म्हणजे हक्कात झालेल्या बदलाची सरकारी नोंद. उर्दूत यालाच दाखल-खारिज म्हणतात. जुने नाव खारिज, नवे दाखल. शेतजमिनीची अशी नोंद तलाठ्याकडे गाव नमुना 6 मध्ये होते. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात. हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि नाव सातबारावर येते. जेथे नगर भूमापन झाले आहे, तेथे भूमी अभिलेख कार्यालयाकडून मिळकत पत्रिकेवर फेरफार होतो.

ही नोंद मुख्यतः महसुलासाठी असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे नोंद खरी असल्याचे गृहीत धरतात, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. फेरफाराने मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सावर्णी विरुद्ध इंदर कौर या प्रकरणात सांगितले. 2021 मध्ये जितेंद्र सिंह प्रकरणात त्याचाच पुनरुच्चार झाला. मालकी येते ती खरेदीखताने, वारसाहक्काने किंवा कायदेशीर बक्षिसाने. नगर परिषदेची घरपट्टीची पावती तर फक्त कर भरल्याचा पुरावा.

मग फेरफाराकडे दुर्लक्ष करावे काय? मुळीच नाही! बँक दुकान तारण घेताना उतारा पाहते. रस्ता रुंदीकरणात जागा गेली, तर मोबदल्याची नोटीस नोंदीतल्या नावाने निघते. ते नाव मरहूम आजोबांचे असेल, तर नातवाने कोणत्या तोंडाने पैसे मागायचे?

आमच्यात खरी अडचण वारसनोंदीत येते. वडील वारले की मुलांची नावे लागतात, आई आणि बहिणी राहून जातात. समजा, वारस पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी एवढेच आहेत. कर्ज व वसियत भागवून उरलेल्या मिळकतीचे 40 भाग केले, तर शरीअतप्रमाणे पत्नीला 5, प्रत्येक मुलाला 14 आणि मुलीला 7 भाग येतात. दुकानाच्या नोंदीत मुलीचे नाव नसले म्हणून तिचे 7 भाग बुडत नाहीत. पुढे दुकान विकताना घेणारा वकील नेमका हाच प्रश्न विचारतो, आणि सौदा अडतो. बहिणीला खरोखर हक्क सोडायचा असेल, तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. साध्या कागदावरची सही चालत नाही.

हिब्याचेही तसेच. तोंडी हिबा कायद्याला मान्य आहे, मात्र देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा या तिन्ही गोष्टी हव्यात. लेखी हिबानामा नोंदणीकृत नसला तरी या अटी पुऱ्या झाल्या असतील तर हिबा टिकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हफीजा बीबी प्रकरणात म्हटले आहे. तरीही ताबा दिल्याचा पुरावा पुढे कोठून आणणार? देणारा हयात असतानाच फेरफार करून घेतला, तर तो कागद साक्षीदारासारखा उपयोगी पडतो.

तेव्हा बांधवांना आमची विनंती अशी. शेतजमिनीचा वारसाहक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवा व पोच घ्या. अर्जात सर्व वारसांची नावे लिहा, एकही वगळू नका. आपल्याविरुद्ध नोंद प्रमाणित झाली, तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपिलाला साधारण 60 दिवस मिळतात. ते दवडू नका. आणि खरेदीखत, मिळकत पत्रिका व घरपट्टी एकदा शेजारी ठेवून पाहा. तिन्हींवर नाव एकच आहे काय? नसेल, तर हे काम बांधकामाच्या किंवा कर्जाच्या घाईपर्यंत ठेवू नका. वडीलधारी मंडळी सांगायला हयात आहेत, तोवरच ते सोपे आहे.