इंग्रजी घेऊन पुढे काय? : एका जुन्या हमीची आणि अपुऱ्या सल्ल्याची गोष्ट

तालुक्याच्या गावातल्या कला महाविद्यालयात ‘स्पेशल इंग्लिश’ घेतलेल्या मुलाला किंवा मुलीला घरचे, शेजारचे आणि लग्नाच्या पंगतीत भेटलेले पाहुणे एकच प्रश्न विचारतात : इंग्रजी घेऊन पुढे काय? उत्तरही बहुधा ठरलेले असते. एम.ए. करायचे, नेट किंवा सेट द्यायची आणि प्राध्यापक व्हायचे. ते नाहीच जमले तर बी.एड. आहेच. हे उत्तर कुठून आले, आज ते कितपत खरे आहे आणि त्याच्या जागी विद्यार्थ्याला काय सांगायला हवे, हे तपासण्याचा या लेखात प्रयत्न आहे. प्रश्न वरवर नोकरीचा दिसतो. पण घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलांच्या बाबतीत तो आयुष्यातल्या दहा वर्षांचा असतो.

हमी कशी तयार झाली

आपल्याकडे इंग्रजी शिक्षण आणि नोकरी यांची गाठ सुरुवातीपासून पडलेली आहे. मेकॉलेचे टिपण २ फेब्रुवारी १८३५चे. त्यानंतर १८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. रानडे न्यायखात्यात गेले, भांडारकर संस्कृतचे अध्यापक झाले. पदवी कोणत्याही विषयाची असो, दार उघडत होते ते इंग्रजीमुळे.

इंग्रजी साहित्य हा विषयही याच व्यवस्थेत रुजला. गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ (१९८९) या ग्रंथात दाखवले आहे, की इंग्रजी साहित्याला अभ्यासक्रमात जे स्थान वसाहतीत मिळाले, ते इंग्लंडमध्ये बरेच नंतर मिळाले. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम १८९४ साली सुरू झाला, केंब्रिजमध्ये १९१७ साली. तिथल्या जुन्या विद्यापीठांनी ज्याला पदवीचा विषय मानायला वेळ घेतला, त्यावर आपली मुले त्याआधीपासून परीक्षा देत होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारी नोकरीची हमी सैल झाली, पण तिच्या जागी दुसरी आली. पुणे विद्यापीठ १९४९ साली, मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आणि शिवाजी विद्यापीठ १९६२ साली सुरू झाले. महाविद्यालये जिल्ह्याच्या आणि मग तालुक्याच्या गावांपर्यंत गेली. कला शाखा असो की वाणिज्य, इंग्रजीचा पेपर सक्तीचा होता. त्यामुळे प्रत्येक नव्या महाविद्यालयाला इंग्रजीचा शिक्षक लागणारच होता. ‘एम.ए. इंग्लिश म्हणजे नोकरी पक्की’ हा समज या विस्ताराच्या काळात तयार झाला, आणि त्या काळात तो बराचसा खराही होता.

मराठी साहित्याला या हमीचा मोठा लाभ झाला, याची नोंद वाङ्मयाच्या इतिहासात फारशी होत नाही. विंदा करंदीकर मुंबईत इंग्रजी शिकवत होते, आणि त्यांनीच ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले. ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) लिहिणारे रा. भा. पाटणकर इंग्रजीचे प्राध्यापक होते. भालचंद्र नेमाडे आणि विलास सारंग यांनीही इंग्रजीचे अध्यापन केले. वर्गात शेक्सपिअर आणि घरी मराठी, अशी ही दुहेरी शेती होती. आणि तिला आधार होता दरमहा मिळणाऱ्या पगाराचा.

हमी सरली, सल्ला उरला

आज अनुदानित महाविद्यालयांतल्या कायम जागांची भरती वर्षानुवर्षे रखडते. निवृत्त झालेल्या प्राध्यापकाचा वर्ग अनेकदा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडे जातो. घेतलेल्या तासांचे पैसे. सुट्टी असेल तेव्हा काही नाही. पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. नेट किंवा सेट उत्तीर्ण होणे ही पात्रता आहे, नेमणूक नव्हे, हा फरक बहुतेक विद्यार्थ्यांना परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कळतो.

हिशेब साधा आहे. अठराव्या वर्षी बी.ए.ला प्रवेश, तेविसाव्या वर्षी एम.ए. पूर्ण. त्यानंतर नेटचे दोन-चार प्रयत्न, मग पीएच.डी., आणि त्याच काळात तासिकांवरचे काम. तिशी उलटते तेव्हा हातात पदव्या असतात, अनुभवही असतो, पण दुसरा रस्ता धरायला उशीर झालेला असतो.

मग सल्ला का बदलत नाही? एक कारण सरळ आहे : सल्ला देणारे प्राध्यापक स्वतः त्याच वाटेने आलेले असतात आणि त्यांना दुसरी वाट माहीत नसते. दुसऱ्या कारणाबद्दल कमी बोलले जाते. महाविद्यालयात विषयाचा कार्यभार विद्यार्थिसंख्येवर ठरतो आणि कार्यभारावर पदे टिकतात. स्पेशल इंग्लिशला मुले कमी आली तर विभागातल्या एखाद्याच्या जागेवर गदा येऊ शकते. म्हणजे विषय घ्यावा की नाही, हे ज्याला विचारायचे त्याचीच भाकरी उत्तरावर अवलंबून असते. यात कोणाच्या सचोटीवर संशय घेण्याचे कारण नाही. व्यवस्थाच अशी आहे. म्हणून सल्ला विभागाबाहेरच्या कोणाकडूनही मिळण्याची सोय हवी.

लवकर बंद होणारी दारे

करिअरचा विचार पदवीनंतर करायचा, अशी आपली रीत आहे. इंग्रजीच्या विद्यार्थ्याला ती महागात पडते, कारण काही दारे पहिल्या-दुसऱ्या वर्षीच, त्याच्या नकळत बंद होतात.

केंद्र सरकारच्या कार्यालयांत हिंदी-इंग्रजी अनुवादकांची पदे असतात आणि त्यांची भरती कर्मचारी निवड आयोग करतो. हिंदीत एम.ए. केलेल्यांप्रमाणे इंग्रजीत एम.ए. केलेलेही त्यासाठी पात्र ठरतात. मात्र पदवीला हिंदी हा सक्तीचा किंवा ऐच्छिक विषय असावा लागतो, किंवा परीक्षेचे माध्यम तरी हिंदी असावे लागते. जोडीला अनुवादाची पदविका, प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांचा अनुभव. ज्या मुलीने पहिल्या वर्षी ‘सोपा पडेल’ म्हणून हिंदीऐवजी दुसरा विषय घेतला, तिच्यासाठी हे दार बहुधा तेव्हाच लागले. तिला ते कळते पाच वर्षांनी, जाहिरात वाचताना.

दुसरे उदाहरण गुणांचे. सहायक प्राध्यापकपदासाठी एम.ए.ला खुल्या गटात ५५ टक्के गुण लागतात, आरक्षित गटांना ५० टक्के. ५३ टक्क्यांवर थांबलेल्या विद्यार्थ्याने नंतर कितीही वाचले तरी तो आकडा बदलत नाही. ही अट एम.ए.च्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहायला हवी. तीच गोष्ट कनिष्ठ महाविद्यालयाची. तिथे एम.ए.बरोबर बी.एड. लागते, आणि बी.एड. आता दोन वर्षांचे आहे. या दोन वर्षांचा खर्च आधी मांडला, तर निर्णय डोळसपणे होतो.

मराठी : अडचण की भांडवल?

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीच्या वर्गात दबून बसतो. उच्चारांची लाज, व्याकरणाची धास्ती. आपली मराठी म्हणजे पुसून टाकायचा डाग आहे, असे त्याला न बोलता शिकवले जाते. बाजारात मात्र नुसते इंग्रजी येणारे पुष्कळ आहेत. दोन्ही भाषांत नेटके लिहू शकणारे कमी.

महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय १९६०पासून कायद्यांचे आणि प्रशासकीय मजकुराचे मराठीकरण करते. न्यायालयांत भाषांतरकार आणि दुभाषे लागतात. वृत्तसंस्था, जाहिरात, पाठ्यपुस्तके, चित्रपटांची उपशीर्षके, बँकांची व विमा कंपन्यांची ग्राहकपत्रे ही सगळी कामे दोन भाषांच्या सीमेवरची आहेत. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यातून प्रत्यक्ष रोजगार किती निर्माण होईल ते पुढे दिसेल, पण मराठी ग्रंथ इतर भाषांत नेण्याची निकड त्यामुळे अधोरेखित झाली आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. जेरी पिंटो यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०१५ साली. मध्ये ३७ वर्षे गेली. असे कितीतरी मराठी ग्रंथ आजही वाट पाहत आहेत.

यंत्रानुवादाचे काय, हा प्रश्न रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ‘सुवास’ ही अनुवादप्रणाली आणली. साध्या मजकुराचा पहिला खर्डा आता यंत्र करते आणि त्या कामाचे दर घसरतात, हे विद्यार्थ्यापासून लपवू नये. पण निकालपत्रातले एक ‘नाही’ गळले तर अर्थ उलटतो. ते पकडणारी नजर दोन्ही भाषांत मुरलेलीच असावी लागते. पुढचे काम हे असे तपासणीचे आहे, आणि त्यासाठी वाचनाची जी तालीम लागते ती साहित्याच्या वर्गातच मिळते.

एकाच पदवीतून किती वळणे घेता येतात, याचे उदाहरण शांता गोखले यांचे. इंग्रजी साहित्याचे शिक्षण, अध्यापन, नियतकालिकातले संपादन, औषध कंपनीत जनसंपर्काचे काम, वृत्तपत्राचे कलाविषयक पान, आणि या सगळ्याच्या जोडीने मराठीत कादंबरीलेखन व मराठीतून इंग्रजीत अनुवाद. अशी आयुष्ये विद्यार्थ्यांसमोर ठेवली, तर ‘प्राध्यापक किंवा काहीच नाही’ ही कोंडी फुटते.

सल्ल्याचे वेळापत्रक

अमेरिकी विद्यापीठांत विषय निवडण्याआधी सल्लागाराला भेटणे हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो, आणि अशा सल्लागारांची राष्ट्रीय संघटना तिथे १९७९पासून आहे. आपल्याकडे नवे पद निर्माण होण्याची वाट पाहायला नको. नॅकच्या मूल्यांकनात मार्गदर्शक शिक्षक आणि विद्यार्थी यांचे प्रमाण विचारले जाते, त्यामुळे मार्गदर्शकांच्या याद्या आणि फायली महाविद्यालयांत असतातच. त्या फायलींत चार प्रश्न घातले तरी पुष्कळ होईल.

पहिल्या वर्षी : जोडविषय कोणता, आणि त्याने कोणती दारे उघडी राहतात? दुसऱ्या वर्षी : इंग्रजीबरोबर दुसरे कौशल्य कोणते? अनुवाद, संपादन, ध्वनिमुद्रण, हिशेब, संगणक, काहीही चालेल. तिसऱ्या वर्षी : प्रत्यक्ष काम कुठे केले? नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात कार्यानुभवाला श्रेयांक आहेत. ते एखाद्या दुकानाचे पत्र आणून भरण्याऐवजी स्थानिक वृत्तपत्र, छापखाना, वकिलाचे कार्यालय किंवा ग्रंथालय इथे भरता येतात. आणि एम.ए.ला प्रवेश घेताना : कायम नोकरी नाही मिळाली तर किती वर्षे थांबायचे? हा आकडा विद्यार्थ्याने स्वतः लिहावा आणि घरच्यांना दाखवावा.

एवढ्याने साहित्याचे शिक्षण बाजारू होईल, अशी भीती काहींना वाटेल. अनुभव बहुधा उलट असतो. ज्याच्या डोक्यावर पुढच्या जूनची मुलाखत टांगलेली आहे, त्याला हॅम्लेटही प्रश्नपत्रिकेतल्या गुणांपुरताच भेटतो. पोटापाण्याची सोय दिसत असेल तर मुले पुस्तक निवांत वाचतात. जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीशी रांग लागेल, तेव्हा अर्जावर विषय लिहिण्याआधी कोणीतरी त्या मुलीशी अर्धा तास बोलावे, एवढीच ही मागणी आहे.