दात काढला, गोळी सुटली ती सुटलीच! अटॅकनंतरची ॲस्पिरिन मध्येच का बंद पडते?

आबिड्स (हैदराबाद) : नांदेड, देगलूर, उदगीर, बिदरकडचे हार्टचे पेशंट हैदराबादला येतात, हे आपल्याला नवीन नाही. डिस्चार्ज झाला की महिन्याभराची औषधं घेऊन मंडळी गावाकडची गाडी पकडतात. खरी अडचण पुढच्या महिन्यापासून सुरू होते.

माझ्या मामांचंच घ्या. अटॅकनंतर वर्षभर गोळ्या नीट चालू होत्या. मग दाढ काढायची वेळ आली. "रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद ठेवा," असं सांगितलं गेलं. परत सुरू कधी करायची, हे कोणी सांगितलं नाही, मामांनी विचारलं नाही. चार महिने तसेच गेले.

ही गोळी म्हणजे ॲस्पिरिन, बहुतेक वेळा ७५ मिलिग्रॅमची. रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळी होते. ॲस्पिरिन त्यांची चिकटायची ताकद काढून घेते. पण शरीर रोज नव्या प्लेटलेट्स तयार करतं, म्हणून गोळीही रोजच लागते. १९८८ साली १७,१८७ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अटॅक आल्यावर लगेच सुरू करून महिनाभर ॲस्पिरिन घेतलेल्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणांनी होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी होते.

तरी २०२३ मध्ये ५१ देशांची आकडेवारी आली, तेव्हा हृदयविकार किंवा लकवा होऊन गेलेल्यांपैकी ४० टक्केच लोक ॲस्पिरिन घेत होते. गरीब देशांत तर जेमतेम १७ टक्के.

मी कॉमर्सवाला, आधी पैशाचाच हिशोब केला. साधी गोळी दिवसाला रुपयाच्या आत येते. पण ती एकटी नसते. कोलेस्ट्रॉल, बीपी, शुगर धरून बिल फुगतं आणि मग अख्खी पिशवीच बंद होते. शिवाय छातीत दुखत नाही, मग गोळी कशाला, हा विचार. कुणाला ॲसिडिटी होते. चिठ्ठी इंग्रजीत, दुकानदार तेलुगूत बोलणार, घरी मराठी!

एक घोळ मात्र फारसा कुणी सांगत नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकाच गोळीत मिळतात. स्टेंटनंतर साधारण वर्षभराने डॉक्टर अनेकदा क्लोपिडोग्रेल थांबवतात. पेशंट ती जोडगोळी बंद करतो आणि ॲस्पिरिनही जाते.

पोटात अल्सर असेल, शौचाला काळं होत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा. अटॅक आलेला नसताना शेजाऱ्याचं बघून ही गोळी सुरू करू नका.

मामांची गोळी डॉक्टरांना विचारून परत सुरू झाली. त्यांच्या फाइलवर मामींनी आता मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय : "बंद करायला सांगितलं, तर चालू कधी करायची ते विचारणे."