मिल्कोटेस्टरचा डोळा

समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक पहाटे धारा काढून इथं आलेत, त्यामुळे दूध म्हणजे काय हे दौंडमध्ये मी सांगायची गरज नाही. मी बोलणार आहे ते दुधाचं फॅट काढणाऱ्या एका जुन्या यंत्राबद्दल आणि त्यातल्या नखाएवढ्या एका भागाबद्दल. त्या भागाला मी डोळा म्हणतो. प्रकाश पाहून त्याची वीज करणारा सेन्सर, म्हणजे फोटोडायोड.

लिफ्टच्या दारात असतो तोही सेन्सरच. पण त्याला फक्त हो किंवा नाही एवढंच सांगायचं असतं. माणूस मध्ये आला, प्रकाश तुटला, दार थांबलं. असा सेन्सर बिघडला की लगेच कळतं. मिल्कोटेस्टरमधल्या डोळ्याला मात्र किती, हे सांगायचं असतं. तो बिघडला तरी आकडा देतच राहतो आणि आपण तो आकडा वहीत लिहीत राहतो.

आधी यंत्र कसं चालतं ते पाहू. फॅट काढायची जुनी खात्रीची पद्धत गर्बरची. निक्लाउस गर्बर या स्विस रसायनतज्ज्ञाने ती १८९० च्या सुमारास आणली. ब्युटायरोमीटरमध्ये १० मिली गंधकाम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल. हलवायचं, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचं, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवायचं आणि नळीवर चढलेलं तूप वाचायचं. पद्धत चोख, पण रांगेत दीडशे कॅन असतील तर ॲसिड ओतता ओतता सकाळ संपते. म्हणून मिल्कोटेस्टर आला. त्यात दुधात ईडीटीएचं द्रावण मिसळतात. दूध पांढरं दिसतं ते दोन गोष्टींमुळे, केसीन या प्रथिनाचे कण आणि स्निग्धाचे गोळे. ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, त्यामुळे केसीनचे कण विरघळतात आणि प्रकाश अडवायला फक्त स्निग्धाचे गोळे उरतात. यंत्र ते गोळे दाबाने फोडून जवळपास एकसारखे बारीक करतं आणि मिश्रण एका अरुंद काचकुपीत सोडतं. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला डोळा. फॅट जास्त तर गढूळपणा जास्त, पलीकडे पोचणारा प्रकाश कमी. संपलं. बाकी सगळा हिशेब.

आता गोष्ट. काही वर्षांपूर्वी शिरूर तालुक्यातल्या एका गावच्या संकलन केंद्रावरून मला बोलावणं आलं. यंत्र जुनं, कंपनीकडे सुटे भाग मिळत नव्हते. तक्रार अशी की उन्हाळ्यात म्हशीच्या दुधाला फॅट लागत नाही. आता तुम्हीच सांगा, यात तक्रारीसारखं काय आहे? चैत्र-वैशाखात हिरवा चारा आटतो, जनावर तापतं, फॅट उतरतं, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच यंत्रावर कोणाला संशय आला नव्हता. एक आजी तेवढ्या रोज भांडायच्या. त्यांचं म्हणणं, “सकाळचं दूध सहा सात आणि संध्याकाळचं सहा तीन? म्हस तीच, वैरण तीच. दुपारच्याला काय होतंय तिला?” ऑपरेटर म्हणायचा, “आजी, यंत्र खोटं बोलत नाही.”

मी गेलो सकाळी आठला. शून्य तपासलं, म्हणजे नुसतं द्रावण सोडून काटा शून्यावर येतो का ते पाहिलं. आला. गाईचं एक दूध लावलं, गर्बरशी ताडून पाहिलं, जुळलं. दिवा जरा काळवंडला होता, तो बदलला, पुन्हा शून्य लावलं आणि सांगितलं, आता काळजी नको. चहा घेऊन निघालो. ही चूक माझी. पुढचे पंधरा दिवस त्या गावाने माझ्या शब्दावर दूध घातलं.

पंधरा दिवसांनी आजींनीच पुन्हा बोलवायला लावलं. या वेळी मी गेलो दुपारी चारला. पत्र्याची खोली, बाहेर चाळीसच्या वर पारा. तिथं मी जे आधी करायला हवं होतं ते केलं: डोळ्यावर काळी पट्टी चिकटवली. अंधारात डोळ्यातून काहीच वीज यायला नको. सकाळच्या गारव्यात ती जवळजवळ येतही नसणार. त्या दुपारी मात्र मीटरवर सरळ आकडा दिसत होता. डोळा अंधारातही ‘प्रकाश आहे’ म्हणत होता.

याला अंधारी प्रवाह म्हणतात. प्रत्येक फोटोडायोडला तो थोडा असतोच आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो. धडक्या डायोडमध्ये तो इतका कमी असतो की दुप्पट झाला काय, चौपट झाला काय, फरक पडत नाही. इथं डायोडच्या पायांवर पांढरी खपली धरली होती. वरच्या नळीच्या जोडातून द्रावण थेंबथेंब पाझरत होतं, ते वाळून पायांमधून गळती सुरू झाली होती.

आता शून्य लावूनही चूक का राहते, हे नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. सोयीचे आकडे घेऊ. नुसत्या द्रावणातून प्रकाश येतो १००. साडेतीन फॅटच्या गाईच्या दुधातून येतो ५०. मग सात फॅटच्या म्हशीच्या दुधातून त्याच्याही निम्मा, २५. आता डोळ्यात २ ची गळती धरा. द्रावणाला तो म्हणेल १०२, आपण तेच शून्य धरून बसलो. गाईला म्हणेल ५२, म्हशीला २७. हिशेब मांडला तर गाईचं ३.५ चं होतं ३.४. एक पॉइंट गेला, कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हशीचं ७ चं होतं ६.७. तीन पॉइंट! गळती दोघींना सारखीच, पण म्हशीच्या वाट्याला प्रकाशच कमी, त्यात ती जास्त मिसळते. म्हणजे ज्याचं दूध जितकं चांगलं, त्याचं नुकसान तितकं मोठं. आणि शून्य तर बरोबरच दिसतं. मी सकाळच्या गारव्यात, गाईच्या एका दुधावर यंत्र पास केलं होतं. आजी म्हशीच्या दुधावर, संध्याकाळी त्याची परीक्षा घेत होत्या. त्यांची चाचणी माझ्यापेक्षा बरोबर होती.

डोळा बदलणं हे त्या मानाने सोपं, पण घाई करणाऱ्याचं काम नाही. मूळ नंबरचा डायोड मिळाला नाही. दुसरा घेताना मी चार गोष्टी पाहिल्या: प्रकाश घेणारा पृष्ठभाग तेवढाच हवा, त्या दिव्याच्या रंगाला तो तसाच प्रतिसाद देणारा हवा, अंधारी प्रवाह कमी हवा आणि बसतो त्या खाचेत नीट बसायला हवा. जुना काढण्याआधी त्याची उंची आणि कोन कागदावर काढून ठेवा, फोटो तर काढाच. नवा अर्धा मिलीमीटर जरी तिरका बसला तरी सगळं प्रमाण बदलतं. कोणता पाय कॅथोड, ते दोनदा बघा. सोल्डर करताना पायाला चिमटा लावायचा म्हणजे उष्णता आत जात नाही, आणि टोक दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही. काचेला बोट लावू नका.

आणि फ्लक्स धुवा. हे मी मुद्दाम सांगतो. नवा डायोड बसवला, पट्टी लावली, तर पुन्हा मीटरवर आकडा! पाच मिनिटं मी डोकं धरून बसलो. डायोड चांगला होता. सोल्डरच्या फ्लक्सचा चिकट थर दोन पायांमध्ये राहिला होता आणि तोच गळत होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून साफ केलं, वाळू दिलं, आकडा गेला. पाझरणारी नळीही बदलली, नाहीतर नव्या डोळ्याची तीच गत झाली असती.

मग जुळवणी. गाईचे, म्हशीचे आणि मिसळीचे मिळून दहा नमुने, प्रत्येकाचं गर्बर. अर्धे सकाळी, अर्धे तापलेल्या दुपारी.

आजींचा प्रश्न राहतो. सचिवांनी रजिस्टर काढलं. सकाळ आणि संध्याकाळचे रकाने शेजारी ठेवले तर म्हशीच्या दुधातला फरक मार्चपासून वाढत गेलेला दिसत होता. पण त्यातला किती उन्हाचा आणि किती डोळ्याचा? मला वेगळा करून सांगता आला नाही. कमिटीने शेवटी माझ्या पहिल्या फेरीनंतरच्या पंधरा दिवसांचा फरक दिला. त्याआधीचा नाही. आजी म्हणाल्या, “म्हंजे तू आला नसतास तर तेवढंबी मिळालं नसतं, आन् नीट आला असतास तर बुडलंच नसतं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मागून प्रश्न आलाय की आता तर सगळीकडे अल्ट्रासॉनिक यंत्रं आहेत, हे कशाला ऐकायचं? बरोबर आहे, त्यात दिवाही नाही आणि डोळाही नाही, ते आवाजाच्या लहरींवर चालतं. पण तापमानाचा परिणाम त्यालाही होतो आणि घाण झालं की तेही चुकतं. तुमच्या केंद्रावर विचारून बघा, शेवटचं गर्बर कधी केलं होतं, कोणत्या दुधावर आणि दिवसाच्या कुठल्या वेळी. सकाळी गाईच्या दुधावर केलं असेल, तर उद्या संध्याकाळी म्हशीच्या दुधावर करायला लावा. ब्युटायरोमीटर केंद्रावर नसेल तर तालुक्याच्या दूध संघाकडे नमुना देता येतो, मात्र तो बर्फात न्या.