पिकअप वाहनातील सुकाणूची ओढ व भरकट

सपाट व सरळ रस्त्यावर सुकाणू चक्रावरील पकड हलकी केली असता वाहन दर वेळी एकाच बाजूस वळू लागते, या दोषास सुकाणूची ओढ म्हणतात. वाहन ठराविक बाजूस न वळता कधी डावीकडे तर कधी उजवीकडे सरकत राहते आणि ते सरळ राखण्यासाठी चालकास चक्र एकसारखे हलवावे लागते, या दोषास भरकट म्हणतात. व्यवहारात या दोन्ही तक्रारी पुष्कळदा एकाच शब्दात सांगितल्या जातात; परंतु त्यांची कारणे भिन्न आहेत. ओढ ही डाव्या व उजव्या बाजूंमधील असमानतेतून निर्माण होते. भरकट ही जोडांतील ढिलाई, त्यांचे जखडणे किंवा पुढील चाकांवरील भार घटणे यांमुळे उद्भवते. म्हणून दोष यांपैकी कोणता, हे ठरविणे ही निदानाची पहिली पायरी होय.

बीड जिल्ह्यासारख्या प्रदेशात या निदानास विशेष महत्त्व आहे. येथील कापूस, सोयाबीन, दूध व सीताफळे यांची वाहतूक मोठ्या प्रमाणावर पिकअप वाहनांतून होते. गेवराई व माजलगाव तालुक्यांतील गोदावरीकाठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे तीवरील रस्ते लाटांसारखे होतात आणि त्यांच्या कडा खचतात. दक्षिणेकडील बालाघाटाच्या रांगेत मांजरसुंबा व धारूर येथील घाट आहेत. सपाटीवर केवळ त्रासदायक वाटणारी ओढ घाटातील उतारावर ब्रेक लावताना प्राणघातक ठरू शकते.

तत्त्व : वाहन सरळ चालावे म्हणून पुढील चाके काही ठराविक कोनांत बसविलेली असतात. सायकलीचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसा चाक ज्या आसाभोवती वळते तो आसही वरच्या टोकास मागे कललेला असतो. या कोनास कॅस्टर म्हणतात व त्यामुळे वळणानंतर चाके आपोआप सरळ होतात. समोरून पाहिले असता चाकाचा जो उभा कल दिसतो तो कॅम्बर होय. दोन्ही चाकांच्या पुढील कडांमधील व मागील कडांमधील अंतरांत जो फरक असतो त्यास टो म्हणतात. वाहन कॅस्टर कमी असलेल्या बाजूस किंवा चाक वरच्या अंगास अधिक बाहेर कललेल्या बाजूस ओढले जाते. टो बिघडल्यास मात्र ओढीपेक्षा भरकट व टायरांची जलद झीज हे परिणाम अधिक दिसतात.

रस्ता व भार : पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्यास मध्यापासून कडेकडे सु. २ ते २·५ टक्के उतार दिलेला असतो. भारतात वाहने डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे निर्दोष वाहनही किंचित डावीकडे सरकते. रस्ता व वाहन यांचे परिणाम वेगळे करण्यासाठी मोकळ्या मैदानातील एकाच पट्ट्यावरून वाहन दोन्ही दिशांनी चालवावे. दोन्ही वेळा ते स्वतःच्या त्याच बाजूस वळल्यास दोष वाहनात आहे. दिशा बदलताच बाजूही बदलल्यास तो जमिनीच्या उताराचा परिणाम आहे. ही परीक्षा रिकाम्या व भरलेल्या अशा दोन्ही स्थितींत करणे आवश्यक आहे. माल एका बाजूस अधिक रचल्यास वाहन त्या बाजूस झुकते व ओढते. मागील आसाच्याही मागे अतिरिक्त माल लादल्यास पुढील चाके हलकी होऊन त्यांची रस्त्यावरील पकड कमी होते; अशा वाहनाची भरकट कोणत्याही दुरुस्तीने थांबत नाही.

ओढीचे निदान : प्रथम टायर थंड असताना हवा मोजावी. पुढील ज्या टायरात हवा कमी असते त्या बाजूस वाहन ओढते. हवा समान असूनही ओढ राहिल्यास पुढील दोन चाकांची अदलाबदल करावी. ओढीची बाजू बदलली, तर दोष टायरात आहे. रेडियल टायराचे आतील पट्टे किंचित एका अंगास बसले असल्यास असे घडते. बाजू न बदलल्यास ब्रेक तपासावेत. काही अंतर ब्रेक न लावता चालविल्यावर एकाच चाकाची मध्यनाभी विशेष तापली असेल, तर त्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नाही असे समजावे. उष्णतेचा अंदाज हात न टेकविता, जवळ नेऊन घ्यावा. केवळ ब्रेक लावतानाच ओढ जाणवत असेल, तर दोष बहुधा ओढीच्या विरुद्ध बाजूच्या चाकात असतो. तेथील ब्रेक तेलकट झाल्याने किंवा अडकल्याने कमी लागतो.

वेग वाढविताना एका बाजूस व वेग कमी करताना दुसऱ्या बाजूस ओढ जाणविल्यास मागील आस पाहावा. आस पाट्यांना घट्ट धरणारे यू-बोल्ट सैल झाले किंवा पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला, तर आस तिरका सरकतो. असे वाहन मागून पाहिले असता तिरपे चालताना दिसते, आणि सरळ रस्त्यावरही त्याचे सुकाणू चक्र वाकडे धरावे लागते.

भरकटीचे निदान : चाके जमिनीवर टेकलेली असताना एकाने चक्र थोडे डावीकडे-उजवीकडे हलवावे व दुसऱ्याने टाय-रॉडची टोके, सुकाणू पेटी व तिचा दांडा यांचा प्रत्येक जोड क्रमाने पाहावा. ज्या जोडाचा एक भाग हलतो, पण दुसरा उशिरा हलतो, तो झिजलेला आहे. नंतर पुढील चाक जॅकने उचलून, वाहनाखाली भक्कम टेकू देऊन, चाक वर-खाली धरून हलवावे. या वेळी जाणवणारी ढिलाई बेअरिंगची किंवा किंगपिन अथवा बॉल जॉइंटची असते. साहाय्यकाने ब्रेक दाबताच ती नाहीशी झाल्यास बेअरिंग सैल आहे. तशीच राहिल्यास किंगपिन अथवा बॉल जॉइंट झिजलेला आहे. चाक आडवे धरून हलविल्यास टाय-रॉडची ढिलाई कळते.

ढिलाईप्रमाणेच जखडणेही भरकटीस कारणीभूत होते. धुळीमुळे व ग्रीसच्या अभावी किंगपिन कोरडा पडला किंवा सुकाणू पेटी प्रमाणाबाहेर आवळली, तर चाके वळणानंतर आपोआप सरळ होत नाहीत. अशा वेळी वाहन ज्या बाजूस शेवटचे वळविले त्याच बाजूस जात राहते, व या दोषाची ओढीशी गल्लत होते. ओढीची बाजू मागील वळणानुसार बदलणे ही याची खूण होय. किंगपिनला ग्रीस देताना चाक उचललेले असावे, म्हणजे भार पेलणाऱ्या पृष्ठापर्यंत ते पोहोचते.

दुरुस्तीचा क्रम : चाकांचे कोन मोजून ते जुळविणे, म्हणजे अलाइनमेंट, हा सर्वांत शेवटचा उपाय आहे. झिजलेल्या जोडांवर केलेली जुळणी पहिल्याच खड्ड्यात बदलते व खर्च वाया जातो. हवा, भार, टायर, ब्रेक, पाटे व जोड या क्रमाने तपासणी केल्यास पुष्कळसे दोष यंत्राविनाच उघड होतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९८ अन्वये सुकाणू चक्राची मोकळी चाल ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये, तसेच बॉल जॉइंटांवर रबरी टोप्या असणे बंधनकारक आहे. सु. ४० सेंमी. व्यासाच्या चक्राच्या कडेवर ३० अंश म्हणजे सु. १० सेंमी. चाल होते. ही कायद्याने ठरविलेली कमाल मर्यादा आहे, निर्दोषतेची खूण नव्हे. सुस्थितीतील वाहनात मोकळी चाल याहून पुष्कळच कमी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास जिल्ह्यातील ऊसतोड मजूर कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात, तेव्हा रस्त्यांवरील लादलेल्या वाहनांची गर्दी वाढते. टायरांतील हवा व जोडांतील ढिलाई यांची तपासणी या हंगामापूर्वीच करून घेणे हितावह ठरते.