एक रविवार कान्हेरीच्या डोंगरावर

आठवड्याचे सहा दिवस कामाच्या रगाड्यात जातात. सातव्या दिवशी कपड्यांचा ढीग, बाजारहाट आणि राहिलेली झोप. सहलीला जायचे म्हटले की पहिला प्रश्न पैशांचा, दुसरा वेळेचा. म्हणून मुले म्हणतात, "आपण कुठेच जात नाही," आणि आपण गप्प बसतो. पण मुंबईच्या कुशीतच असा एक डोंगर आहे, जिथे सकाळी निघून दिवे लागणीच्या आत घरी परत येता येते आणि सिनेमाला लागतो त्यापेक्षाही कमी खर्च होतो. तो म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा डोंगर.

आमच्या चेंबूरच्या वस्तीतली पाच कुटुंबे मागच्या थंडीत तिथे जाऊन आलो. आज्या, सुना, लेकरे धरून एकवीस माणसे. कुर्ला, दादर अशा गाड्या बदलून बोरिवलीला उतरलो. स्टेशनपासून पूर्वेला उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वार पायी जाण्याइतके जवळ आहे. तिथून लेणी सहा-सात किलोमीटर आत. आज्यांना आणि लहानग्यांना गाडीत बसवून आम्ही बाकीचे चालत निघालो. रस्ता डांबरी, दोन्ही बाजूंना झाडी, मधूनच माकडे. ज्यांना बसस्टॉपपलीकडे चालायची सवय नाही, तीही माणसे गप्पा मारत पोहोचली.

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास हे काम सुरू झाले आणि पुढे सुमारे हजार वर्षे भिक्खू इथे राहिले, शिकले, शिकवत राहिले. एवढी लेणी एकाच डोंगरात क्वचितच सापडतील. जुन्या शिलालेखांत या डोंगराचे नाव कण्हसेल, म्हणजे काळा डोंगर. काळ्या दगडाचा म्हणून काळा.

पायऱ्या चढताना आमच्या पुढे एक कुटुंब होते. त्यातले गृहस्थ आपल्या मुलांना सांगत होते, "हे सगळे पांडवांनी एका रात्रीत कोरले." आमच्यातला सहावीतला मुलगा थबकला. आईचा पदर ओढून म्हणाला, "आई, खरं का गं?" आई आमच्याकडे पाहू लागली आणि आम्ही एकमेकांकडे. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धमूर्ती आहे, रोज वंदना होते. पण मुलाला ठामपणे सांगता येईल एवढे आपल्याला तरी कुठे ठाऊक आहे?

गिरणीतून निवृत्त झालेले आमचे मामा बरोबर होते म्हणून बरे. ते मुलाला तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, मोठ्या चैत्यगृहात घेऊन गेले. आत खांबांच्या दोन रांगा आणि शेवटी स्तूप. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना बुद्धांच्या दोन उभ्या मूर्ती, प्रत्येक जवळजवळ बावीस-तेवीस फूट उंच. मुले मान वर करून पाहतच राहिली. मामांनी भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे दाखवली. "बाळा, पांडवांनी कोरले असते तर त्यांनी नाव लिहिले असते. इथे नावे आहेत ती दान देणाऱ्यांची. कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी. सोनार, लोहार. भिक्षुणीसुद्धा. कुणी खोली दिली, कुणी पाण्याचे टाके दिले. घाम गाळणाऱ्या माणसांच्या पैशातून हे उभे राहिले." हे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. दर्शनी भिंतीवर नवरा-बायकोच्या जोड्या कोरल्या आहेत, खांद्याला खांदा लावून उभ्या. आमच्यातल्या एका सुनेने ते पाहिले आणि नवऱ्याला कोपराने ढोसले. सगळे हसले.

पुढे अकरा क्रमांकाचे लेणे आहे, लोक त्याला दरबार म्हणतात. लांबलचक दालन आणि मधोमध दगडातच कोरलेले दोन लांब बाक. आम्ही एकवीस जण त्या जागेत उभे राहिलो तरी ती रिकामीच वाटत होती.

दुपारी वरच्या बाजूला सावलीत भाकरी, चटणी आणि अंड्याचा रस्सा सोडला. शेजारीच पाण्याचे टाके होते. शिलालेखांत त्याला पोढी म्हणतात. जवळजवळ प्रत्येक लेण्यापाशी अशी पोढी आहे. डोंगरावर पडणारे पावसाचे पाणी कोरलेल्या पन्हाळींतून वळवून टाक्यांत साठवले जाई. मामा पोढीकडे बघत बसले आणि म्हणाले, "बाबासाहेबसुद्धा लेणी पाहायला निघाले होते, ठाऊक आहे का?"

ही गोष्ट १९३४ सालची. वेरूळची लेणी पाहण्यासाठी बाबासाहेब चळवळीतल्या सहकाऱ्यांसह निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ धुवायला प्रवेशद्वाराजवळच्या टाक्यातले पाणी घेतले, तर पाणी बाटवले म्हणून लोक अंगावर धावून आले. शेवटी किल्ला पाहू दिला तो या अटीवर, की आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. आणि त्यासाठी बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहून ठेवला आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

ऐकताना भाकरी हातातच राहिली. आपली सहल म्हणजे नुसती मौज नव्हे, हे आज्यांना सांगावे लागले नाही. मुलांना मात्र सांगावे लागते.

परतताना आणखी एक प्रसंग घडला. एका लेण्याच्या भिंतीवर कोळशाने नावे, बदाम असले बरेच काही लिहिलेले होते. आमच्यातल्या एका पोराने विटेचा तुकडा उचलला आणि तिथे 'जय भीम' लिहू लागला. त्याच्या आजीने हात धरला. "लेकरा, ज्यांनी हे दान दिलं त्यांची नावं आधीच इथं आहेत. त्यावर तू काय लिहिणार? जय भीम तोंडानं म्हण, आणि भिंत स्वच्छ ठेव." पोराने तुकडा टाकला. हा वारसा आमचा, असे आपण म्हणतो. तर तो जपण्याची पहिली जबाबदारीही आपलीच. शिवाय संरक्षित वास्तूवर लिहिणे हा कायद्यानेही गुन्हा आहे.

निघण्यापूर्वी चैत्यगृहात सगळे दोन मिनिटे बसलो. हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटले. मेणबत्ती, उदबत्ती लावली नाही. काजळीने दगड खराब होतो.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. उद्यान सोमवारी बंद असते. उद्यानाचे तिकीट वेगळे, लेण्यांचे वेगळे. लेण्यांपाशी पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसात झरे वाहतात, पण दगड निसरडे होतात, म्हणून रबरी तळव्याची पादत्राणे घाला. पिण्याचे पाणी घरून न्या, पोढीतले पिऊ नका. खाऊ पिशवीत बांधून ठेवा, माकडे हातातून ओढतात. जंगलात बिबटे आहेत, तेव्हा लहान मुलांना एकटे सोडू नका आणि ऊन उतरायच्या आत परत फिरा. कचरा परत आणायला एक जास्तीची पिशवी ठेवा.

आणि जाण्याआधी घरात एक संध्याकाळ या लेण्यांविषयी चार गोष्टी वाचून, विचारून घ्या. पुढच्या वेळी पायरीवर एखादे लेकरू विचारील, "आई, हे कुणी केलं?" तेव्हा आईने कुणाकडे पाहू नये. तिनेच सांगावे.